मुक्काम नाय

मामांची बाज आमच्या आधी रत्नागिरीला पोचली होती.

वाळूजच्या कंपनीतून मशिनांनी भरलेला ट्रक आदल्या दिवशी निघाला. त्यात लाकडी पेट्यांच्या वर, ताडपत्रीखाली, दोरीनं आवळून बांधलेली ही नवारीची बाज. ट्रक ड्रायव्हरनं विचारलं, हे पण मशीनच का? मामा म्हणाले, "व्हय. झोपायचं."

आमची कंपनी आंब्याचा रस डब्यात भरायची मशिनं बनवते. रत्नागिरीतल्या एका कारखान्यात ती बसवायची, चालू करायची आणि तिथल्या लोकांना शिकवून परत यायचं, असं काम होतं. नोव्हेंबर ते मे. मी नुकतीच इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून लागले होते, पॅनल आणि वायरिंग माझ्याकडं. मामा फिटर. रिटायर व्हायला तीनेक वर्षं उरलेली. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची, त्यांच्याहून वयानं मोठे असलेले स्टोअरकीपरसुद्धा. उंच, काटक, मानेवर कायम एक टॉवेल, आणि नटबोल्ट हातात घेतला की आधी त्याचा वास घ्यायची सवय. वासावरून ते लोखंड चांगलं का वाईट सांगायचे. खरं की खोटं मला आजही माहीत नाही, पण त्यांनी वास घेऊन बाजूला टाकलेला बोल्ट पुन्हा वापरायची कुणाची हिंमत नव्हती.

तिसरा इरफानभाई, वेल्डर. राहणारा किराडपुऱ्यातला. आणखी दोघं-तिघं होते, पण ते रविवारी झोपा काढायचे. रविवारी बाहेर पडायचो ते आम्ही तिघं. म्हणजे मामा बाहेर पडायचे आणि आम्ही त्यांच्या मागं.

मी सिल्लोडची. समुद्र पाहिलेला तो शाळेच्या सहलीत एकदा, तोही अंधार पडल्यावर. म्हणून पहिल्या आठवड्यातच मी विचारलं, "मामा, रविवारी कुठं जाता येईल?"

"कुठंबी जाऊ. पर मुक्काम नाय. सकाळी जायचं, दिवस बुडायच्या आत यायचं."

हा त्यांचा एकच नियम, आणि तो त्यांनी पाळला म्हणजे किती पाळला. सकाळी सहाला आम्ही रहाटाघरच्या स्टँडवर. लोक कंडक्टरला विचारतात, गाडी कुठं जाते. मामा विचारायचे, "परतीची शेवटची कितीला?" ते उत्तर पटलं तर मग, "बरं. कुठं जाती ही?" अशा पद्धतीनं आम्ही गणपतीपुळे पाहिलं, पावस पाहिलं, जयगडचा किल्ला पाहिला, आरे-वारेचा तो वळणावळणाचा रस्ता पाहिला. एकदा तर नुसतं एका खेड्यात जाऊन आलो, कारण तिथून परतीची गाडी सोयीची होती. तिथं एक देऊळ, एक पिंपळ आणि एक बंद पोस्ट ऑफिस होतं. मामा खूष. म्हणाले, "लई निवांत गाव हाय."

समुद्रावर गेलं की ते समुद्राकडं पाठ करून बसायचे. हे मला पहिल्यांदा फार विचित्र वाटलं. एवढ्या लांब येऊन हा माणूस वाळूकडं तोंड करून बसतो! विचारलं तर म्हणाले, "समुद्र कुठं पळून चाललाय? तो इथंच बसलाय. मान्सं मातर आजच हायेत, उद्या नसत्यात." आणि मग ते माणसं बघायचे. समुद्र पहिल्यांदा पाहणारा माणूस त्यांना लांबून ओळखू यायचा. हळूच कोपरानं ढोसायचे, "ती बघ, त्या आजीबाई. आता चप्पल काढतील." आणि आजी खरंच चप्पल काढायच्या, पाण्यात पाऊल टाकायच्या आधी, देवळात जाताना काढतात तशी.

माशांशी त्यांचं जमलं नाही. घरात मटण खाणारा माणूस, पण माशाचं ताट समोर आलं की वैतागायचे. "काटेच लई. खायचं कधी अन् थुकायचं कधी." त्यांच्या पिशवीत ठेचा आणि भाकरी असायची. आमच्या घरमालकीण काकूंकडून तांदळाची भाकरी करून घ्यायचे आणि तिला रोज नावं ठेवायचे. "भाकरी हाय का रुमाल? पार कागदावानी!" ठेवायचे नावं आणि खायचे चार.

मुक्कामाचं मात्र हसण्यावारी नव्हतं. डिसेंबरात कारखान्याच्या मालकांनी आमच्या कामावर खूष होऊन गणपतीपुळ्याला एका रात्रीसाठी खोल्या घेऊन दिल्या. अगदी समुद्रासमोर. खिडकी उघडली की लाटा. आम्ही लहान पोरांसारखे नाचत होतो. मामांनी सगळ्यांच्या खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितले, माझ्या दाराची कडी दोनदा लावून बघितली. मग म्हणाले, "झ्याक हाय. येतो मग मी."

"कुठं?"

"शेवटची गाडी हाय ना आता."

इरफानभाई म्हणाला, "मामा, पागल हो गए क्या? कंपनी का रूम है, ए.सी. है!"

"तुमी ऱ्हावा रं. मी सकाळी येतो."

आणि गेले. पंचवीसेक किलोमीटर परत गेले, आपल्या बाजेवर झोपले, आणि सकाळी आम्ही डोळे चोळत बाहेर आलो तर हे पायरीवर बसलेले, आंघोळ करून, ताजेतवाने.

त्यामागचं कारण काय, यावर आम्ही पुष्कळ डोकं चालवलं. इरफानभाईचं म्हणणं, मामी रात्री फोन करून चौकशी करत असतील. दुसऱ्या एकाचं मत, मामा घोरतात आणि त्यांना लाज वाटते. मला वाटायचं, मामांना भुताची भीती असेल. सरळ विचारलं तर मामा टॉवेलानं तोंड पुसायचे आणि म्हणायचे, "सवय हाय." त्यापुढं एक शब्द नाही.

संक्रांतीनंतर माझी आई आली.

ती सहज आलेली नव्हती. वडलांनी पाठवली होती. वडलांचं सिल्लोडला बियाण्याचं दुकान आणि थोडी शेती. पोरगी सहा महिने परमुलखात राहणार, हे त्यांना आधीपासून पटलेलं नव्हतं. भावानं मध्ये पडून कसंबसं हो म्हणवून घेतलेलं. दिवाळीत त्यांनी एक स्थळही आणलं होतं, कन्नडचं. आता त्यांचं म्हणणं असं होतं, की आईनं चार दिवस राहून बघावं. तिला ठीक वाटलं तर मी मेपर्यंत राहीन, नाहीतर तिच्यासोबतच परत. "तुझी आई म्हणेल तेच फायनल," असं ते फोनवर म्हणाले. आईवर कुठलाही निर्णय सोपवायची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. तीही बिचारी त्या ओझ्याखाली गप्प होती.

आईचा डावा कान लहानपणीच गेलेला. कान फुटला, पू झाला, कुणी लक्ष दिलं नाही. उजव्या कानानं तिला चांगलं ऐकू येतं. त्यामुळं घरात आम्ही कधी त्याला दुखणं समजलोच नाही. तिच्या उजवीकडं बसून बोलायचं, एवढंच.

तीन दिवस तिनं माझी खोली बघितली, काकूंचा स्वयंपाक बघितला, कारखान्याच्या गेटपर्यंत येऊन बघितलं. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. मी विचारलं, "कसं वाटलं आई?" तर म्हणाली, "बघू." रविवार आला. सोमवारी संध्याकाळी तिची परतीची गाडी होती. मी आधीच मामांना म्हटलं होतं, "मामा, आईला कुठंतरी छान घेऊन जाऊ. तिला आवडलं पाहिजे."

मामांनी दोन दिवस चौकशी करून एक जागा काढली होती. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तिथली माणसं साधी आहेत, उगाच गर्दी व्हायची. एसटीनं जायचं, उतरून खाडी होडीनं ओलांडायची, की पलीकडं छोटं गाव. पुढं सुरूची झाडं, वाळू, एका अंगाला काळा कातळ, आणि वर टेकडीवर एका जुन्या गढीचा पडका बुरूज. होडीवाल्याला मामांनी उतरायच्या आधीच विचारलं, "शेवटची कितीला?"

"पाचला. मग मी येणार नाय हां. पलीकडची एसटी पण साडेपाचला शेवटची."

"आमी तीनलाच येतो," मामा म्हणाले.

जेवण झालं. दोन वाजले, तसे मामा पिशवी आवरायला लागले. तेव्हा आई पहिल्यांदा काहीतरी बोलली. "बसू की जरा वेळ. लई बरं वाटायलंय."

मामांनी पिशवी खाली ठेवली. मी आणि इरफानभाईनं एकमेकांकडं बघितलं. मामांनी कुणासाठी बेत बदललेला आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

अडीचच्या सुमारास मला कारखान्यातून फोन आला. पॅनल ट्रिप झालं होतं, तिथला माणूस घाबरला होता. मी उठून झाडांमध्ये येरझाऱ्या घालत त्याला एकेक स्विच सांगत होते. आई माझ्याजवळून गेली आणि म्हणाली, "आले गं जरा." मी मान हलवली. फोन संपून परत आले तर आईच्या जागेवर तिची पिशवी. मोबाइल त्या पिशवीतच.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. मी म्हटलं, बाथरूमला गेली असेल. दोन पुरुषांसमोर बोलता येईना म्हणून गुपचूप उठली असेल. तसंच होतं. इरफानभाई गावात विचारून आला. पहिल्याच घरातल्या बाई म्हणाल्या, हो, आल्या होत्या, मागच्या अंगणात जाऊन आल्या, पाणी प्यायल्या, आणि मग खालच्या वाटेनं गेल्या. खालची वाट आमच्याकडं येत नव्हती. ती कातळाकडं जात होती.

मी हाका मारायला सुरुवात केली. "आई! ए आई!" इरफानभाई एकीकडून, मी दुसरीकडून. आमचं ऐकून गावातली चार माणसं आली. तीही ओरडायला लागली, "ओ काकीऽऽ!" टेकडीवर आपटून आवाज परत यायचा. एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाय, भरती लागलीय. कातळाच्या अंगाला वाट बंद होते पाण्यानं. लवकर बघा."

 मी वाळूत बसले. पुन्हा उठले, पुन्हा ओरडले. घसा फाटला. मला वडलांचा चेहरा दिसत होता, आणि सारखं एकच वाटत होतं, तिनं सांगितलं होतं, आले गं जरा, आणि मी नुसती मान हलवली.

आणि मामा खाली बसले होते. गुडघे पोटाशी घेऊन, जमिनीकडं बघत. मला इतका संताप आला. "मामा! बसलात काय? हाका तरी मारा!"

त्यांनी वर बघितलं. "तुझ्या आईचा कंचा कान बंद हाय? डावाच ना?"

मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. "हो. डावा. त्याचं काय आता?"

ते ताडकन उठले आणि सगळ्यांवर ओरडले, "गप ऱ्हावा! कुणी हाक मारू नका. एकानंबी नाय!"

सगळे गप्प झाले. नुसता लाटांचा आवाज.

"अगं, एका कानाला आवाज येतो, बाजू येत नाय," ते माझा दंड धरून सांगायला लागले. "आपून इकडून वरडायलो, अन् ते डोंगरावर आपटून तिला तिकडून ऐकू यायलंय. आपणच तिला लांब लांब धाडायलोत. आमच्यात एक मेंढी व्हती तशी. जितकं बोलवावं तितकी उलटी जायाची. माझा बाप मग हाक नाय मारायचा. उंचावर जाऊन घोंगडं धरायचा वर. दिसलं की यायची." एवढं बोलून त्यांनी हात पुढं केला. "तुझी वढणी दे."

माझी ओढणी पिवळी होती, हळदीसारखी. कुणीतरी एक काठी दिली. ओढणी काठीला बांधली आणि साठीला आलेला हा माणूस टेकडी चढायला लागला. वाट अशी नव्हतीच. करवंदीची जाळी आणि सुटे दगड. मी मागं. इरफानभाईला आणि गावातल्या दोघांना त्यांनी खालीच थांबवलं, "म्या सांगतो तवाच हला."

पडक्या बुरुजावर आम्ही पोचलो आणि मला ती दिसली.

खूप खाली, कातळावर, हिरवी साडी. तिच्या मागची वाट पाण्यानं भरलेली होती, प्रत्येक लाटेला फेस वर येत होता. आणि ती पुढं चालली होती, टोकाकडं, जिथून पुढं काहीच नव्हतं. उजव्या कानाशी हात धरून. ऐकत ऐकत.

माझ्या तोंडून हाक निघणारच होती. मामांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "नको. परत फिरंल ती भलतीकडं."

त्यांनी काठी उंच धरली आणि हलवायला लागले. ती बघेचना. ती खाली बघून चालत होती, दगड निसरडे होते. मला वाटलं, हे काही होत नाही, मी उडीच टाकते इथून. मामा शांतपणे म्हणाले, "दम धर. मान्सं दमली की थांबत्यात. थांबली की वर बघत्यात."

ती थांबली. पदरानं तोंड पुसलं. आणि वर बघितलं.

मला आजही तो क्षण सांगता येत नाही. तिनं हात वर केला. एवढंच. मी रडत होते का हसत होते, कळत नव्हतं.

मामांनी तिला सरळ वर बोलावलं नाही, तिथून चढताच आलं नसतं. ते काठी धरून टेकडीच्या कडेनं सावकाश चालायला लागले, आणि खाली आई त्या पिवळ्या ओढणीकडं बघत, त्यांच्या बरोबरीनं कातळावरून चालायला लागली. शंभर-दीडशे पावलांवर कोळ्यांची शेळ्या न्यायची एक पायवाट होती. ती वाट आली तसं मामांनी टॉवेल हलवून खाली खूण केली. इरफानभाई आणि ते दोघं उतरले आणि गुडघाभर पाण्यातून आईला हाताला धरून वर घेऊन आले.

आईच्या पायाला कापलं होतं, साडी कमरेपर्यंत भिजलेली. मी तिला मिठी मारली तर ती उलट माझ्यावरच चिडली. "चोहीकडून हाका यायल्या तुझ्या! कुणीकडं यावं माणसानं? मी तुझ्याकडंच यायले व्हते ना!"

ती माझ्याकडंच येत होती. त्या टोकाकडं, पाण्यात, माझ्याकडं.

हळद लावून पाय बांधेपर्यंत पावणेसहा झाले. होडी गेलेली होती. पलीकडं एसटीसुद्धा. गावातला एक जण म्हणाला, माझी लहान डोणी आहे, पण एकच माणूस बसेल, भरतीत जास्त नाही नेणार. कुणाला फारच निकड असेल तर सोडतो, पलीकडून रिक्षा मिळेल.

आम्ही सगळे मामांकडं बघायला लागलो. ते खाडीकडं बघत होते. त्या वेळी पहिल्यांदा मला ते म्हातारे वाटले.  मी म्हटलं, "मामा, तुम्ही जा. खरंच जा. आम्ही सकाळी येतो."

त्यांनी मानेवरचा टॉवेल नीट केला. मग त्या माणसाला म्हणाले, "नाय दादा. चौघं आलो, चौघंच जाऊ."

ज्या घरात आई आधी पाणी प्यायली होती त्याच बाईंनी आम्हाला ठेवून घेतलं. दिवेलागण झाली, पडवीत चहा आला. आईला कोरडं लुगडं दिलं, ती भिंतीला टेकून बसली. आणि कुणी विचारलं नसताना मामा बोलायला लागले.

त्यांचं घर धनगराचं. फुलंब्रीच्या पुढं गाव, पण गावात राहणं पावसाळ्यापुरतं. बाकी आठ महिने मेंढरं घेऊन गोदाकाठानं फिरायचं. ज्याच्या शेतात मेंढरं बसवायची त्याच्या शेतात दोन-चार रात्री, की बिऱ्हाड घोड्यावर टाकून पुढं. "सकाळी उठलं की आईला पहिलं विचारायचो, आज कुठं हावोत आपण?" ते हसले. "फिरायला लई आवडायचं मला. आताबी आवडतं. पर सातेक वर्साचा असंन, ताप आला. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात निजवलं मला. सकाळी उठलो तर तळ उठलेला. आई नाय, बाप नाय, कुत्रंबी नाय. नुसत्या लेंड्या अन् चुलीचे दगड."

"सोडून गेले?" इरफानभाईनं विचारलं.

"तसं नाय रं. पुढच्याला शब्द दिलेला व्हता, मेंढरं न्यावीच लागत व्हती. तापात पोराला कसं चालवायचं? त्या शेतकऱ्याच्या बायकोला सांगून गेले व्हते. ती बाई लई चांगली, दूध पाजलं. चौथ्या दिशी बाप आला न्यायला. पर मला कुणी सांगितलंच नव्हतं ना." टॉवेलानं त्यांनी तोंड पुसलं. "तवापासून परक्या जागी डोळा लागला, की वाटतं, सकाळी कुणी नसंल. आता खुळेपणा हाय हे मला कळतं. पर निजायच्या वेळेला कळत नाय."

 आई उजवा कान त्यांच्याकडं करून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मामा त्या रात्री झोपले की नाही, मला ठाऊक नाही. मी पडल्या पडल्या मेल्यासारखी झोपले. सकाळी आईनं हलवून उठवलं. "चल, ऊठ. बाहेर चल." मला वाटलं होडी आली. होडी आलीच होती, धक्क्यावरून हाक येत होती. पण आईनं मला पडवीत नेऊन बसवलं. इरफानभाई आधीच बसलेला, पेंगत. मधे चटईवर मामा, टॉवेल तोंडावर घेऊन गाढ झोपलेले. पहाटे कधीतरी डोळा लागला असावा.

"मामांना उठवू?" मी विचारलं.

"काही उठवायचं नाय. अन् कुणी हलायचं पण नाय इथून." आई कुजबुजली. "उठला की सगळे दिसले पायजेत त्याला."

होडीवाला पुन्हा ओरडला. आई म्हणाली, "थांब म्हणावं." आयुष्यात ती पहिल्यांदा कुणाला तरी थांबायला सांगत होती. घरातल्या बाईही काम सोडून येऊन बसल्या. आम्ही चौघं त्या झोपलेल्या माणसाभोवती, लग्नघरात नवरदेव उठायची वाट बघावी तसे बसून राहिलो. आठ वाजून गेले. ऊन पायावर आलं तेव्हा मामांनी टॉवेल बाजूला केला.

डोळे उघडून त्यांनी आधी छपराकडं बघितलं. मग एकदम मान वळवली. आई दिसली, मी दिसले, इरफानभाई दिसला. मामा तसेच पडून राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "हायेत का सगळे?"

"व्हय की," आई म्हणाली. "कुठं जातेत? उठा, चहा निवायलाय."

परत येताना होडीत आईनं माझा फोन मागितला आणि वडलांना लावला.  तिनं काहीच लपवलं नाही. हरवले होते, पाण्यात अडकले होते, पाय कापलाय, सापडले, सगळं सांगितलं. पलीकडून वडलांचा आवाज चढलेला मला ऐकू येत होता. आईनं शांतपणे फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला आणि खाडीकडं बघत बसली. पलीकडचं ओरडणं थांबलं असावं असं वाटल्यावर फोन परत उजव्या कानाला लावला आणि म्हणाली, "हे बघा, पोरगी चांगल्या मान्सांत हाय. मेपर्यंत ऱ्हाईल. त्या कन्नडवाल्यांना नाय म्हणून कळवा."

मी मेपर्यंत राहिले. आता वाळूजलाच आहे, माझ्या हाताखाली तिघं जण आहेत. मामा गेल्या वर्षी रिटायर झाले. बजाजनगरात त्यांचं छोटं घर आहे. मामींची आणि माझी ओळख त्यांच्या निरोप समारंभात झाली. मामी पैठणकडच्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण मामांनी सासरवाडीत एक रात्र काढलेली नाही. सण असो, लग्न असो, मयत असो, हे सकाळी येणार आणि संध्याकाळी जाणार. मामींच्या भावांना वाटायचं, आमच्या घरची पायरी याला लहान वाटते. दोन भाऊ तर त्यांच्याशी धड बोलायचे नाहीत. मामींनी हे सगळं मला हसत हसत सांगितलं, पण सांगताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मग मी त्यांना खाडीपलीकडच्या पडवीतली ती सकाळ सांगितली, मामा उठेपर्यंत आईनं आम्हाला कसं हलू दिलं नव्हतं ते.

या दिवाळीत पाडव्यानंतर चारेक दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज दबलेला.

"काय केलं गं तू माझ्या नवऱ्याला?"

मी घाबरले. "काय झालं मामी?"

"अगं, माहेरी आलेय मी. हेबी आलेत. धनतेरसेपासून! निघायचं नावच काढत नायत. रोज भावाबरोबर शेतात जातेत, अन् रात्री अंगणात ढाराढूर. भाऊ लई खूष झालाय गं, पर भावजयीनं काल बांधावर नेऊन सहज विचारलं, दाजी, पुढचा काय बेत? तर ज्वारीकडं हात करून म्हणले, आता हुरडा खाऊनच जाऊ."

"मग काय झालं?"

"काय झालं म्हणजे? ज्वारी आता कुठं वीतभर वर आलीय! हुरड्याला अजून दोन महिने हायेत गं बाई!"